नॅरोबोटवर निघताय? आधी या चुका टाळा

मार्च संपत आला की मला फोन यायला लागतात. "आईबाबा मे महिन्यात येताहेत, आठवड्याची नॅरोबोट बुक केलीय, जरा प्लॅन बघशील का?" बघतो. प्लॅन मन लावून केलेला असतो आणि तरी जवळपास प्रत्येक वेळी त्यात तीच चूक असते.

मी इंग्लंडमधल्या रग्बी गावाजवळ राहतो. सात वर्षं भाड्याच्या बोटी घेऊन इंग्लंडच्या कालव्यांवर फिरलो, आता चौघांच्या भागीदारीत आमची ५७ फुटी बोट आहे. एवढ्या वर्षांत नातेवाईक आले, ऑफिसातले मित्र आले, मित्रांचे मित्र आले. चुका मात्र त्याच. काही चुकांनी नुसता वेळ जातो, काहींनी बोट बुडते, आणि दोन्ही प्रकार लोक सारख्याच निश्चिंतपणे करतात. म्हणून एकदाचं सगळं लिहून ठेवतोय. उदाहरणं बहुतेक ऑक्सफर्ड कालव्याच्या दक्षिण भागातली आहेत, नॅप्टन ते ऑक्सफर्ड. तो पट्टा माझ्या पायाखालचा आहे आणि पहिल्यांदा येणारे बरेच जण तिथूनच सुरुवात करतात.

ज्यांनी नॅरोबोट पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. कालव्यांवर फिरायची, आत राहायची सोय असलेली अरुंद बोट. रुंदी ६ फूट १० इंच, लांबी अगदी ७० फुटांपर्यंत. इथल्या जुन्या कालव्यांवरची लॉक सात फूट रुंद आहेत, त्यात मावेल एवढीच बोट. लॉक म्हणजे दोन्ही टोकांना दारं असलेला हौद. बोट आत घ्यायची, पाणी भरून वर चढवायची किंवा पाणी सोडून खाली उतरवायची. पाण्याच्या झडपांना पॅडल म्हणतात आणि त्या फिरवायच्या हँडलला विंडलास. भाड्याची बोट चालवायला लायसन्स लागत नाही. बोट देणाऱ्या यार्डातला माणूस तासभर दाखवतो आणि किल्ली हातात देतो. त्या तासभरात अर्धं कुटुंब आत पलंग कुणाचा कुठला हे ठरवत असतं. पहिली चूक तिथेच होते: सगळ्यांनी बाहेर उभं राहून ऐका, पलंग कुठे जात नाहीत.

मैल मोजले, लॉक मोजली नाहीत

कालव्यावर कमाल वेग ताशी ४ मैल. प्रत्यक्षात तीन पडतो, आणि काठाला बांधलेल्या बोटींजवळून जाताना त्याहून कमी, कारण वेगात गेलात तर त्यांचे दोर ताणले जातात, खुंटे उपटतात, आत कुणाचा तरी चहा सांडतो. एका लॉकला पंधरा-वीस मिनिटं सहज जातात, पुढे रांग असेल तर जास्त.

माझं सूत्र सोपं आहे. मैल अधिक लॉक, भागिले तीन, उत्तर तासांत. नॅप्टन ते ऑक्सफर्ड सुमारे ५० मैल आणि चाळीसच्या आसपास लॉक. नव्वद भागिले तीन म्हणजे तीस तास, एका बाजूचे. गाडीने हेच अंतर तासाभराचं. लोक गाडीचा नकाशा बघून ऑक्सफर्ड जाऊन-येऊन करायचं ठरवतात, म्हणजे साठ तास. बोट मिळते दुपारी, परत द्यायची सकाळी, मधले सहा दिवस. रोजचे दहा तास झाले. सत्तरीतले आईवडील, दोन लहान मुलं आणि पाऊस यांना धरून करा विचार.

शिवाय हा कालवा सरळ जात नाही. जेम्स ब्रिंडलीने आखलेला, १७६९ साली पार्लमेंटने मंजूर केलेला. डोंगर फोडण्यापेक्षा एकाच उंचीची रेषा धरून जायचं ही ब्रिंडलीची पद्धत. आपल्याकडचे पाट डोंगराच्या कडेकडेने जातात तसंच. वर्मलेटनच्या आसपास तोच मळा आधी डावीकडे दिसतो, मग समोर, मग उजवीकडे, आणि मुलं विचारतात आपण परत चाललोय का. मला हा भाग सगळ्यात आवडतो. घाईत असलेल्या माणसाला तो छळ वाटतो.

पहिल्या आठवड्याला नॅप्टन ते बॅनबरी आणि परत, एवढं पुष्कळ झालं. नॅप्टनचा नऊ लॉकचा चढ आहे, वर अकरा मैलांचा सपाट पट्टा, मग क्लेडनची पाच लॉक, क्रॉप्रेडीसारखं देखणं गाव, आणि बॅनबरीत अगदी बाजाराच्या मध्यावर टूलीज हे अठराव्या शतकातलं बोटींचं यार्ड. मी दिवसाला पाच तासांच्या वर प्लॅन करत नाही. तसंच, परत फिरायची जागा आधी हेरून ठेवतो. ५७ फुटांची बोट कुठेही वळत नाही, त्यासाठी काठ मुद्दाम रुंद केलेल्या जागा आहेत आणि त्या नकाशात खुणेने दाखवलेल्या असतात. एक हुकली तर पुढची तीन मैलांवर असू शकते, आणि मध्ये लॉक असतील तर ती जाताना एकदा आणि येताना एकदा.

आपल्या घाटांत पाटी असते ना, अति घाई संकटात नेई. पुढची चूक त्या पाटीखालचीच आहे.

उंबरा विसरणं

ही चूक मी सगळ्यात सविस्तर सांगणार आहे, कारण लॉकमध्ये बोटी बुडतात त्या मुख्यतः हिच्यामुळे.

लॉकच्या वरच्या दाराखाली दगडाचा किंवा काँक्रीटचा उंबरा असतो, त्याला सिल म्हणतात. तो दारापासून चार-पाच फूट आत, बोटीच्या बाजूला आलेला असतो. लॉक भरलेलं असताना तो पाण्याखाली असतो, दिसत नाही. खाली उतरताना बोटीचं मागचं टोक त्याच्या वर राहिलं, तर पाणी उतरतं तसं मागचं टोक उंबऱ्यावर टेकतं आणि पुढचं टोक खाली खाली जात राहतं. उंबरा कुठवर आलाय हे कळावं म्हणून काठावर पांढरी रेषा रंगवलेली असते. बोट पूर्णपणे त्या रेषेच्या पुढे ठेवायची. नियम एवढाच आहे.

सोमर्टनचं लॉक बारा फूट खोल आहे, नावच सोमर्टन डीप लॉक. ऑगस्टमध्ये ताई आणि दाजी नाशिकहून आले होते, सोबत भाचा. तीन दिवसांत दाजींचा टिलरवर, म्हणजे बोट वळवायच्या मागच्या दांड्यावर, हात चांगला बसला होता. दाजी म्हणजे तीस वर्षं गाडी चालवून एक ओरखडा न आणलेला माणूस. त्यांना निष्काळजी कुणी म्हणणार नाही. बोट लॉकमध्ये आली, मी वरचं दार लावलं, भाच्याने खालच्या दाराचं पॅडल उचललं. ताई आत पोहे परतत होती.

खोल लॉकमध्ये उतरताना भिंती दोन्ही बाजूंनी वर चढत जातात. ओल्या, काळ्या विटा, फटींतून उगवलेलं नेचं, त्यांवरून ओघळणारं पाणी, वर आकाशाची पट्टी. बघण्यासारखंच असतं. दाजींनी गिअर न्यूट्रलला टाकला आणि व्हिडिओसाठी मोबाइल काढला.

पाणी सुटलं की बोट आधी पुढे ओढली जाते, खालच्या दाराला टेकते आणि मग हळूच मागे येते. ही मागची सरक टिलरवरच्या माणसाला जाणवतच नाही, कारण भिंतीशिवाय काही दिसत नसतं आणि भिंत तर वर सरकतच असते. मी वळून पाहिलं तेव्हा मागचं टोक पांढऱ्या रेषेच्या हातभर मागे होतं. मी ओरडलो. दाजींनी गिअर पुढे टाकला, पण रडर, म्हणजे पाण्याखालचं सुकाणू, उंबऱ्यावर बसलं होतं. इंजिन घुमलं आणि बोट हलली नाही. आतून भांड्यांचा आवाज आला. आधी एक ताट घसरलं, मग सगळीच. मागचा डेक माझ्या डोळ्यांदेखत तिरका होत होता.

"बंद!" एवढंच मी भाच्याकडे बघून ओरडलो. त्याने पॅडल अडवून धरणारी खटकी सोडली आणि ते धाडकन खाली पाडलं. एरवी असं पॅडल पाडलं तर मी रागावतो, त्याने पॅडलच्या चाकांचे दात तुटतात. त्या दिवशी तेच बरोबर होतं. मी धावत वरच्या पॅडलकडे गेलो आणि ते चतुर्थांश उघडलं. पूर्ण उघडायचा मोह होतो, पण पाणी लोंढ्याने आलं तर अडकलेली बोट उसळते आणि आणखी वाकडी बसते. पाणी हळूहळू चढलं. मागचं टोक खरवडत सुटलं आणि बोट सरळ झाली. सगळं मिळून तीन-चार मिनिटं. ताईने प्रसंगावधान राखून गॅस बंद केला होता. कढई जमिनीवर, तिच्या कोपराला मुका मार, बाकी कुणाला काही नाही. भाच्याने आणखी अर्धं मिनिट लावलं असतं तर बोटीच्या पुढच्या दारातून पाणी आत शिरलं असतं, आणि ताई आतच होती. दाजी संध्याकाळपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. मीही बोललो नाही, कारण चूक माझी जास्त होती. रेषा दाखवली होती, पण तिचं कारण सांगितलं नव्हतं.

तेव्हापासून आमच्या बोटीवर उतरत्या लॉकचे काही रिवाज आहेत, पाहुणा कितीही मोठा असो. टिलरवरच्या माणसाचा मोबाइल आत खणात. इंजिन सर्वांत कमी वेगावर, गिअर पुढे, म्हणजे बोट मागे सरकणार नाही. नजर पांढऱ्या रेषेवर. पॅडलवरच्या माणसाची नजर पाण्यावर नाही, टिलरवरच्या माणसावर. आधी अर्धंच पॅडल, मग टिलरवरून अंगठा दिसला की पूर्ण. थांबायची खूण म्हणजे डोक्यावर दोन्ही हातांची फुली, कारण इंजिनाच्या आवाजात ओरडणं ऐकू जाईलच असं नाही. ती खूण पहिल्या लॉकच्या आधी सगळ्यांकडून एकदा करून घेतो, आजीआजोबांकडूनसुद्धा. उतरताना आत स्वयंपाक नाही, पाच मिनिटांनी पोहे गार होत नाहीत. आणि उतरताना बोट काठाला बांधायची नाही. पाणी जातं आणि बोट दोराला लटकते. दोर बोलार्डभोवती, म्हणजे काठावरच्या खुंटाभोवती, एक वेढा देऊन हातात धरा, सोडत जा.

लोक म्हणतात, अर्धं पॅडल कशाला, वेळ जातो. दोन मिनिटं जातात. मी मोजलीत.

चढताना धोका उलट्या बाजूचा: बोटीचं पुढचं टोक वरच्या दाराच्या आडव्या लाकडाखाली अडकू शकतं. उपाय तोच, हळू भरा आणि बघत राहा.

विंडलास दांड्यावर ठेवून हात सोडू नका. खटकी सुटली तर तो पंख्यासारखा फिरतो आणि समोर मनगट असो की जबडा, मोडतो.

पाणी कुणाचं

माझे वडील श्रीरामपूरकडचे. प्रवरेच्या पाटाच्या पाण्यावर आयुष्यभर शेती केली, पाळी आली की रात्री-अपरात्री दारं धरली. ते इथे आले तेव्हा क्लेडनच्या लॉकवर त्यांना काही समजावून सांगावं लागलं नाही. एक भाड्याची बोट खालून वर येत होती आणि लॉक तिच्यासाठी तयार होतं, म्हणजे रिकामं. आमच्या पुढच्या मंडळींनी तिच्याकडे न बघता ते भरून घेतलं. वडील म्हणाले, "अरे, त्यांची पाळी होती. एक अख्खं लॉक पाणी वाया घालवलं यांनी."

अगदी तेच. साधारण आठ फूट खोल अरुंद लॉकमधून एका वेळी लाखभर लिटर पाणी खाली जातं, आणि कोरड्या उन्हाळ्यात वरच्या जलाशयांत पाणी नसलं की कालव्याचे भागच्या भाग बंद ठेवावे लागतात. म्हणून लॉक भरण्याआधी किंवा रिकामं करण्याआधी चार पावलं चालत जाऊन समोरून कुणी येतंय का बघा. येत असेल तर त्यांना आधी येऊ द्या, तुम्हाला लॉक आपोआप तयार मिळतं. जाताना पॅडल पूर्ण खाली आहेत ना, हे हात लावून बघा. रात्रभर एक पॅडल अर्धवट उघडं राहिलं तर दोन लॉकमधलं पाणी निघून जातं आणि सकाळी तिथल्या बोटी चिखलात कलंडलेल्या असतात. वडील दर लॉकवर स्वतः मागे राहून पॅडल तपासायचे, मग टोपाथवरून, म्हणजे कालव्याकाठच्या पायवाटेवरून, चालत बोट गाठायचे. वय ७४, तेव्हा वेगाची तक्रार कुणी करू नये.

प्रोपेलरमध्ये ओढणी

बोटीच्या छपरावर कपडे वाळत घालू नका. मेहुणीची ओढणी वाऱ्याने उडून पाण्यात पडली, आम्ही सगळे "अरे अरे" करेपर्यंत प्रोपेलरने ओढून घेतली. इंजिनाचा आवाज जड झाला, काळा धूर आला, टिलर थरथरायला लागला आणि बोट जागच्या जागी. ही लक्षणं दिसली की वेग वाढवून बघू नका. लोक हमखास तेच करतात, आणि कापड आणखी आवळतं.

मागच्या डेकखाली, बरोबर प्रोपेलरच्या वर, एक झाकण असतं. त्याला वीडहॅच म्हणतात. आधी बोट काठाला नीट बांधा, इंजिन बंद करा, आणि किल्ली काढून स्वतःच्या खिशात ठेवा. टांगलेली किल्ली चालणार नाही, कारण आतून कुणीतरी पाणी गरम करायला इंजिन चालू करतं आणि तुमचा हात प्रोपेलरवर असतो. मग झाकण उघडून कोपरापर्यंत हात घालायचा. पाणी मे महिन्यातही असं गार असतं की बोटं बधिर होतात. ओढणी सुटत नाही, ती दांड्याभोवती सुंभासारखी पिळून घट्ट झालेली असते. आम्ही पावाच्या दातेरी सुरीने तुकडा तुकडा कापला, पाऊण तास लागला. जरीचा काठ सगळ्यात चिवट निघाला.

पण खरी चूक याच्या पुढची आहे. काम झाल्याच्या आनंदात झाकण नुसतं ठेवलं जातं, क्लॅम्प आवळला जात नाही. मग प्रोपेलर फिरायला लागला की त्या भोकातून पाणी इंजिनाच्या खोलीत उसळतं, आणि वरून काही कळत नाही. एका मित्राच्या बोटीत इंजिनाखालचा तळ भरून पाणी पट्ट्याला लागलं तेव्हा वास आला, म्हणून वाचले. माझ्याकडे नियम असा: झाकण एकाने लावायचं, क्लॅम्प दुसऱ्याने हात लावून हलतो का बघायचा, आणि मगच किल्ली खिशातून बाहेर.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. लंडनच्या साउथॉलजवळ ग्रँड युनियन कालव्यात पूजेचे नारळ तरंगताना मी अनेकदा पाहिलेत. नारळ एक वेळ परवडला. पण निर्माल्याबरोबर लाल कापड आणि साडीचा खण पाण्यात सोडला जातो, तो कुणाच्या तरी प्रोपेलरमध्ये जातो, आणि तो कापायला थंडीत पालथं पडलेला माणूस आपल्याबद्दल काय विचार करेल याची मला लाज वाटते. इथे कालव्यात काही सोडू नका.

नदीला कालवा समजणं

कालव्याचं पाणी जवळजवळ उभं असतं. आठवडाभर त्यावर चालवलं की आपल्याला बोट येते असं वाटायला लागतं, आणि मग नदी येते.

ऑक्सफर्ड कालव्यावर ती दोनदा येते. एन्हो वेअर लॉकच्या वर चारवेल नदी कालव्याला आडवी छेदून जाते, तिथे प्रवाह बाजूने ढकलतो. आणि बेकर्स लॉकपासून शिप्टन वेअर लॉकपर्यंत मैलभर कालवा म्हणजे चारवेल नदीच आहे, तिच्या सगळ्या वळणांसकट. तिथे पाण्याच्या पातळीची रंगीत पट्टी लावलेली असते. पाणी लाल पट्टीत असेल तर जायचं नाही.

एका एप्रिलमध्ये तीन दिवस पाऊस लागला होता आणि आम्ही बेकर्स लॉकच्या वर बांधून थांबलो होतो. मागून लंडनची पाच मराठी पोरं आली, उत्साही, चांगली पोरं, मला काका म्हणून चहाला बोलावलं. पाणी लाल पट्टीला टेकलं होतं. मी म्हटलं, उद्या बघू. त्यांचं म्हणणं, परवा सकाळी बोट परत द्यायचीय, आणि आम्हाला सगळ्यांना पोहता येतं. पोहण्याचा काय संबंध? पंधरा-सोळा टनांची बोट प्रवाहात असते तेव्हा प्रवाहापेक्षा वेगात असाल तरच रडर ऐकतं, आणि वेगात असाल तर वळण घ्यायला जागा उरत नाही. ती गेली. वीस मिनिटांनी भोंगा ऐकू आला, लांब, सारखा. आम्ही शेतातून चालत गेलो. बोट वळणावर आडवी होऊन वाळुंजाच्या फांद्यांत घुसली होती, छपरावरचं धुराडं गेलं होतं, एका खिडकीची काच फुटली होती आणि पाणी वरच्या बाजूने तिला दाबत होतं. पोरं छपरावर बसली होती. सगळ्यांना सुखरूप उतरवलं. बोट निघाली ती पाणी उतरल्यावर, दुसऱ्या दिवशी दुपारी. वाचवायला निघालेला एक दिवस असा गेला आणि डिपॉझिटही.

नदीच्या आधी प्लॅनमध्ये एक कोरा दिवस ठेवा. पाऊस नाही पडला तर तो दिवस कुठल्याही गावात घालवा, फुकट जात नाही. नांगर आहे का, त्याची साखळी बोटीला बांधलेली आहे का, हे नदीत शिरण्याआधी बघा. नदीवर सगळ्यांना लाइफ जॅकेट, वाद नको. काठाला लागायचं ते नेहमी प्रवाहाकडे तोंड करून, आणि दोर किंचित सैल, कारण रात्रीत पातळी बदलते. पुढे थेम्सवर गेलात तर तिथे वेगळी संस्था, वेगळी परवानगी. लॉकमध्ये इंजिन बंद करून पुढचा-मागचा दोन्ही दोर हातात धरावे लागतात. प्रवाह वाढला की लॉकवर पाट्या लागतात. लाल पाटी दिसली की गुपचूप बांधा आणि पत्ते काढा.

लहान चुका, पण रोजच्या

टिलर उलटा चालतो हे सगळ्यांना पाठ असतं आणि घाबरल्यावर सगळे विसरतात. मी एकच वाक्य शिकवतो: ज्याच्यावर आदळायचं नाही, त्याच्याकडे टिलर ढकला. बोट मधल्या बिंदूवर वळते, तेव्हा पुढचं टोक वळवताना मागचं कुठे जातंय तेही बघा.

काठ जवळ आला की पाय किंवा हात मध्ये घालून बोट थांबवू नका. कधीच नाही. ही बोट सायकलच्या वेगाने येत नाही म्हणून हलकी वाटते, पण तिचं वजन भरलेल्या ट्रकएवढं आहे. आदळू दे. ती लोखंडी आहे, पाय नाही.

उथळात रुतलात तर पुढे रेटू नका, आल्या वाटेनेच मागे काढा. माणसं खोल पाण्याच्या बाजूला उभी करा, बांबू टेकवून ढकला.

कुणी पाण्यात पडलं तर पहिलं काम न्यूट्रल, लगेच इंजिन बंद. त्याला गाठायला बोट मागे घेतली तर प्रोपेलर त्याच्या अंगावर जातो. पडलेल्याला ओरडून सांगा, उभा राहा. कालवा बहुतेक ठिकाणी कमरेइतका किंवा छातीइतकाच असतो. हे लॉकला किंवा नदीला लागू नाही.

उचलपुलाच्या दांडीवर वजन देऊन बसलेल्या माणसाने बोटीचं मागचं टोक पुढे जाईपर्यंत उठायचं नाही. हात हलवायलाही नाही.

मिक्सर आणू नका. बॅटरीचा जीव तेवढा नसतो, आणि रात्री आठनंतर इतर बोटींजवळ इंजिन चालू ठेवायला मनाई आहे. दाण्याचं कूट, ओलं वाटण घरून करून आणा. कुकर बेलाशक आणा, शेगडी गॅसची असते. सिंकचं पाणी मात्र थेट कालव्यात जातं, तेव्हा कढईतलं तेल कागदाने पुसून कचऱ्यात.

झरोके बुजवणं

शेवटची चूक आपल्याच लोकांची, आणि ती मायेपोटी होते. एप्रिलची रात्र, बाहेर तीन-चार अंश. आत्या नातीला थंडी वाजते म्हणून उठली आणि दारातल्या झडपांत लोकरी मोजे कोंबले, छतावरच्या झरोक्यात टॉवेल. आतल्या शेकोटीत निखारे होते. मला जाग आली ती कार्बन मोनॉक्साइडच्या अलार्मने. या वायूला वास नसतो. डोकं दुखतं, झोप लागते आणि माणूस उठत नाही. सगळ्यांना बाहेर काढलं, दारं उघडी टाकली, काठावर पांघरुणं गुंडाळून अर्धा तास बसलो. आत्या रडत होती, माझ्यामुळे झालं म्हणत होती. तिला कुणी सांगितलंच नव्हतं की घरातल्या फटी वेगळ्या आणि हे झरोके वेगळे.

आता पहिल्या संध्याकाळी, चहाच्या आधी, मी सगळ्यांना प्रत्येक झरोका बोट लावून दाखवतो आणि अलार्मचं बटण दाबून आवाज ऐकवतो. २०१९ पासून इथल्या बोटींना हा अलार्म सक्तीचा आहे, पण बॅटरी चालू आहे का हे आपणच बघायचं. थंडीसाठी जास्तीच्या गोधड्या आणा. आमच्या बोटीवर आईने शिवलेल्या चार आहेत, पाचवी आत्याने पाठवली.

बोट परत द्यायची असते सकाळी नऊच्या सुमारास, आणि शेवटच्या दिवशी पहाटे उठून चार लॉक धावत काढणारी कुटुंबं मी दरवर्षी बघतो. मी आदल्या संध्याकाळी यार्डाच्या अलीकडे तासाभरावर बांधतो, मध्ये एकही लॉक नसेल अशा जागी. पाण्याची टाकी भरून ठेवतो, विंडलास मोजतो. निघताना तीन असतील तर तीन परत.